दोन्ही लिवा

फाशीची शिक्षा रद्द करावी की नाही, या विषयावर मी आयुष्यात दोन बक्षिसं मिळवलेली आहेत. एक रद्द करावी म्हणून आणि दुसरं अजिबात करू नये म्हणून. दोन्ही कॉलेजात असताना, वादविवाद स्पर्धेत. मी वाढले पोफळीच्या कॉलनीत. वडील वीजघरात कामाला, यंत्रांच्या घरघरीने त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. स्पर्धेत त्याचा फार उपयोग झाला. बक्षीस म्हणून मिळालेल्या स्टीलच्या डब्यांपैकी एकात मी अजून कोकमं ठेवते. तो रद्द करावीचा डबा की करू नयेचा, हे आता आठवत नाही.

यंदा रत्नागिरीतल्या एका कॉलेजने मला त्याच विषयावरच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं. इतक्या वर्षांत विषय तसूभरही हललेला नव्हता. मुलं मात्र आमच्यापेक्षा कितीतरी चांगली बोलली. एक मुलगी म्हणाली, मेलेल्याच्या घरच्यांना विचारा, त्यांना काय हवंय. तिच्या विरुद्ध बाजूचा मुलगा म्हणाला, घरच्यांनीही माफ केल्याची उदाहरणं आहेत. टाळ्या दोघांना मिळाल्या. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही या कामात होतात. तुमचं खरं मत काय?"

मी म्हटलं, "आधी चहा घेऊ."

ती हसली. तिला वाटलं, बाई टाळतायत. पण माझं उत्तर चहापासूनच सुरू होतं, आणि ते सांगायला निवांतपणा लागतो. म्हणून इथे लिहिते आहे.

मी परिविक्षा अधिकारी होते. हा शब्द सरकारने लोकांना कळू नये म्हणूनच तयार केला असावा. इंग्रजीत प्रोबेशन ऑफिसर म्हटलं की गोंधळ आणखी वाढतो. लग्नकार्यात कुणी विचारलं आणि मी तसं सांगितलं की समोरची बाई हळहळून म्हणायची, "अजून कायम नाही का केलं?" माझ्या सासूबाईंनी तर सुनेची नोकरी पक्की होऊ दे म्हणून बरीच वर्षं देवाला साकडं घातलं होतं. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांना वाटलं, शेवटी कामावरून काढलंच.

काम साधं आहे. एखाद्याने पहिल्यांदाच छोटा गुन्हा केला असेल, तर कोर्ट त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडू शकतं. सोडावं का, हे ठरवण्याआधी कोर्ट आमच्याकडून अहवाल मागतं. हा माणूस कसा आहे, घरचं काय, गाव त्याच्याबद्दल काय म्हणतं. सोडल्यावर त्याच्यावर लक्ष ठेवायचं तेही आम्हीच. पोलीस गुन्हा शोधतात, आम्ही माणूस शोधतो, असं मी नव्याने लागलेल्या पोरींना ऐटीत सांगत असे.

वेळणेश्वरकडचा एक जण होता, दुसऱ्याच्या होडीचं मशीन चोरून स्वतःच्या होडीला लावलेला. कोर्टाने त्याला बाँडवर माझ्या हवाली केलं. हा दर महिन्याला हजेरीला यायचा आणि बरोबर पिशवीभर बांगडे आणायचा. "घेऊन जा," मी म्हणायचे. "मॅडम, ही लाच न्हाय, मासळी हाय," तो म्हणायचा, आणि पिशवी खिडकीत ठेवून पसार व्हायचा. आजूबाजूच्या सगळ्या कचेऱ्यांमधली मांजरं आमच्याकडे बदली करून आली होती. एकदा तो रिकाम्या हाताने आला. मला धास्तीच वाटली, याने पुन्हा काही केलं की काय. न राहवून विचारलं, "मासे कुठे आहेत?" त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, पावसाची बंदी लागली. आता दर्यावर कोण जातंय?" त्याचा बाँड संपला तेव्हा मला चक्क वाईट वाटलं.

अशा चौकशांसाठी गावोगाव फिरताना आमचा एक नियम असतो. तो कुठल्याच पुस्तकात नाही, माझ्या आधीच्या साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. पाणी सगळ्यांकडे घ्यायचं, चहा कुणाकडेच नाही. गावात सरकारी माणूस पहिला चहा ज्या घरात घेतो, तो त्या घराचा झाला. साहेबांनी एकदा भांडणाऱ्या दोन भावांपैकी थोरल्याकडे चहा घेतला होता. नंतर धाकट्याच्या घरात म्हातारीपासून सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "आमाला काय ठावं न्हाय." मी हा नियम नोकरीभर पाळला. उन्हातान्हात सडा, म्हणजे कातळाचं उघडं माळरान, तुडवत गेले, घसा कोरडा पडला, समोर वाफाळता कप आला, तरी हात जोडले. लोक म्हणत, बाई भारी शिष्ट आहे.

नोकरीच्या शेवटच्या काळात आमच्या कामात एक मोठी भर पडली. वरच्या कोर्टाने सांगितलं की एखाद्याला फाशी द्यायची का, हा प्रश्न समोर आला तर आधी त्याच्या आयुष्याची माहिती मागवा. तो वाढला कसा, वागला कसा, सुधारण्याची शक्यता आहे का. त्यासाठी अहवाल कुणाचा? परिविक्षा अधिकाऱ्याचा. मासळी आणि मांजरांत रमलेल्या माझ्यासारखीच्या टेबलावर एक दिवस असा कागद आला. दोन खून, आरोप सिद्ध झालेला, शिक्षा ठरायची बाकी.

हातखंब्यापासून आत, सड्याच्या पलीकडचं गाव. तात्या म्हणून एक गृहस्थ मुंबईत गोदीत नोकरी करून परतले आणि त्यांनी काजूची बाग लावली. घरात ते, त्यांची बायको सुलोचना, जिला गाव सुलूकाकी म्हणतं, आणि तात्यांची विधवा बहीण. गडग्यापलीकडे, म्हणजे छातीएवढ्या दगडी कुंपणाच्या पलीकडे, शेवंतीचं घर. तिचा मुलगा संतोष. त्याने भागीदारीत चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाची खाण, काढली होती. चिऱ्यांचे ट्रक जायला तात्यांच्या बागेतून वाट हवी होती, तात्या देईनात. बरेच महिने धुसफूस चालली. एका दुपारी सुलूकाकी हातखंब्याला डॉक्टरकडे गेल्या होत्या. इकडे भांडण पेटलं आणि संतोषने कोयतीने तात्यांना मारलं. मधे पडलेल्या बहिणीलाही मारलं. मग कोयती घेऊन स्वतः पोलिसांत गेला.

सरकारी वकिलांना कोर्टात सगळे अण्णा म्हणत. अण्णा उघडपणे फाशीच्या बाजूचे. कँटीनमध्ये आमचा वाद नेहमीचा. माझा हुकमी मुद्दा ठरलेला असायचा. फाशी दिली आणि मागाहून चूक कळली, तर सांगायचं कुणाला? या वेळी अण्णा म्हणाले, "इथे चूक कुठाय? तो स्वतः हजर झालाय." माझा पत्ता कटला. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही त्याला भेटाल, त्याच्या आईला भेटाल. तो चालतो, बोलतो, रडतो. तात्या कुणाला भेटणार? त्यांच्या बाजूने बोलायला मी एकटा आहे." हे माझ्या दोन्ही बक्षीसपात्र भाषणांत कुठेच नव्हतं.

तुरुंगात संतोषला भेटले. तिशीचा, रापलेला, खाली मान घालून बसलेला. बाप दारू प्यायचा का, मारायचा का, शाळा कितवीपर्यंत, सगळ्याला हो किंवा नाही. मी विचारलं, "कधी कुणासाठी चांगलं काही केलंस?"

"न्हाय."

"काहीच नाही?"

"काय सांगायचं आता." मग त्यानेच विचारलं, "आयेकडं कोन जातं का हो?" मला ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.

गावात गेले तर गार स्वागत. "त्याला सोडवायला आलाय काय?" हा प्रश्न प्रत्येक अंगणात. मी प्रत्येक ठिकाणी तेच सांगायचे, मी सोडवणारी नाही आणि लटकवणारीही नाही, तो कसा होता तेवढं विचारायला आले. लोकांनी पाणी दिलं. संतोषबद्दल मात्र कुणाला काही आठवेना. ज्याच्याबरोबर जन्म काढला तो माणूस गावाने पुसून टाकला होता. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? उद्या सुलूकाकींच्या समोरून जायचं होतं त्यांना.

मग सुलूकाकींचं घर. ज्या बाईचा नवरा आणि नणंद त्याच अंगणात गेली, तिला त्या मारेकऱ्याचं बालपण विचारायचं. कुठल्या तोंडाने? काकी पडवीत काजूगर सोलत बसल्या होत्या. हात तेलाने काळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी माझं नेहमीचं पुराण सुरू केलं. त्यांनी मधेच थांबवलं.

"त्याला फाशी व्हायला पायजे, असं माजं म्हननं हाय. ते लिवा पयलं."

मी लिहिलं.

"लिवलंत? आता विचारा."

मी विचारलं, तो लहानपणी कसा होता.

"कसा म्हंजे? आमच्याकडंच वाढला तो. बापूस पिऊन आला की ह्यो गडगा ओलांडून आमच्या पडवीत येऊन निजायचा. माज्याकडंच जेवायचा. ह्यांनी त्याला पवायला शिकवलान, सही करायला शिकवलान." हात चालूच होते. मग म्हणाल्या, "आनि एक लिवा. मला फुरसं चावलं व्हतं."

फुरसं म्हणजे आमच्या सड्यावरचं ते बोटभर जाडीचं विषारी जनावर. काकी बागेत काजू वेचत असताना डसलं. तात्या तेव्हा पेन्शनच्या कामाला मुंबईला गेलेले, नणंद नातेवाइकांकडे लग्नाला. शेवंती मजुरीला गेलेली. हाकेला धावला तो संतोष. जेमतेम मिसरूड फुटलेला.

"मला पाठीवर घेतलान आनि सडा ओलांडलान. चैताचं ऊन, कातळ तापलेला, पायात काय न्हाय. मी म्हनतंय, वायच टेक रे, तर टेकेना. डांबरी येईपातूर मला खाली ठेवलान न्हाय. दवाखान्यात पट्ट्या दोगांना बांधल्या. मला हाताला, त्याला पायांना."

कुठलाही बचावाचा वकील ज्यासाठी जीव टाकेल अशी ती गोष्ट होती, आणि ती मला सांगत होती तात्यांची बायको. मी विचारलं, हे गावात आणखी कुणाला माहीत आहे का.

"ह्यांना आनि वन्संना ठावं व्हतं. ती दोगं आता हायत कुठं? बाकीच्यांना, त्याच्या आयेला बी, वाटलं, रिक्षातून गेली. तो कुनाला बोललाच न्हाय."

"काकी," मी म्हटलं, "हे मी अहवालात लिहिलं तर त्याची फाशी टळू शकते. तुम्हाला कळतंय ना?"

त्यांनी पहिल्यांदा काजूगर खाली ठेवले. "न कळायला मी काय कुकुलं बाळ हाय? त्यानं मला वाचवलान हे खरं. माजं घर बुडवलान हे बी खरं. दोन्ही लिवा. एक लिवलंत आनि एक सोडलंत, तर मी कोर्टात येऊन सांगेन, ही बाई खोटं लिवते."

मी दोन्ही लिहिलं. मला त्या क्षणी त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं, पण सरकारी कामात ते बसत नाही. उठताना त्या म्हणाल्या, "च्या टाकू?" मी हात जोडले, नियम सांगितला. आमच्यात कुणाकडेच घेत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान गडग्याच्या दिशेने वळवली.

"माज्याकडं नको. तिच्याकडं घ्या. ह्ये झाल्यापासनं तिच्या घरात कोनी च्या घेतला न्हाय. मी जायला बघतंय, पन माजे पाय उठत न्हायत. तुमी जा."

नोकरीभर पाळलेला नियम मी त्या दिवशी मोडला. शेवंतीकडचं बोलणं लवकरच आटोपलं, ती माउली काय बोलणार? मुलाचा बचाव करावा तर शेजारचं घर डोळ्यांसमोर. ती नुसती "व्हय" म्हणत राहिली. शेवटी मी म्हटलं, "वायच च्या मिळेल का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू काही चुकीचं ऐकलं. मग आत गेली. कप धुतल्याचा आवाज आला, परत धुतल्याचा, आणि परत. बाहेर येऊन म्हणाली, "दूद न्हाय. कोरा चालंल? गूळ हाय." मी म्हटलं, चालेल. तिने कप माझ्या हातात दिला आणि मी घोट घेईपर्यंत समोर उभी राहिली.

"मला सुलूकाकींनी पाठवलं," मी म्हटलं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडावर घेतला. चहा फार गोड झाला होता. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

अहवाल पुरा करण्याआधी मी संतोषला पुन्हा भेटले आणि फुरशाचं विचारलं. त्याने तोंड फिरवलं. "काकीनं ते कशाला सांगितलान?" एवढंच म्हणाला. आईकडे मी चहा घेतला, हेही सांगितलं. त्याचे खांदे हलू लागले.

शिक्षेच्या सुनावणीला कोर्ट भरलं होतं. मला धाकधूक होती ती अण्णांची. अहवालाची प्रत त्यांच्याकडे गेली होती आणि ते आडवे प्रश्न विचारण्यात वाकबगार. फुरशाच्या गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही, एवढं जरी म्हणाले असते तरी पुष्कळ होतं. अण्णा उठले. त्यांनी फाशी मागितली. दोन निरपराध म्हातारी माणसं, तीही ज्यांनी याला पोटच्या मुलासारखं वाढवलं, असं जीव तोडून बोलले. आणि मग माझा अहवाल हातात घेऊन फुरशाचा परिच्छेद त्यांनी स्वतः वाचून दाखवला, एक शब्दही न गाळता.

"हे सांगणारी मयताची पत्नी माझी साक्षीदार आहे," ते न्यायाधीशांना म्हणाले. "वाटेच्या भांडणाबद्दल तिने सांगितलं ते मी खरं मानायला लावलं. आता हे मला सोयीचं नाही म्हणून खोटं म्हणणार नाही. याउपरही माझी मागणी फाशीचीच आहे."

न्यायाधीशांनी सुलूकाकींना पुढे बोलावलं. काही सांगायचं आहे का? काकी म्हणाल्या, "बाईंनी लिवलंय ते बरोबर हाय. फाशी द्या, असं माजं म्हननं हाय." आणि जाऊन जागेवर बसल्या.

काही दिवसांनी निकाल लागला. जन्मठेप. ज्याच्या हातून इतकं भयंकर घडलं तो सुधारण्यापलीकडे गेला आहे असं म्हणता येत नाही, आणि तसं न म्हणण्याचा आधार मयताच्या पत्नीनेच दिला आहे, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. संतोषने काकींकडे पाहिलं, काकींनी पाहिलं नाही. अण्णा कागद आवरून त्यांच्याजवळ गेले. "काकी, माझ्याच्यानं झालं नाही." काकी म्हणाल्या, "तुमी चांगलं बोललात. ह्यांच्यासाटी कोन तरी बोललं."

मी त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर गाठलं. "वाईट वाटतंय का?" असा बावळट प्रश्न विचारला.

"वाटतंय तर. लय वाटतंय." त्यांनी चष्मा पुसला. "पन न सांगून त्याला लटकवला असता, तर ह्यांच्या फोटोम्होरं उभी कशी ऱ्हायली असतंय? ह्यांना ठावं व्हतं ना सगळं."

नोकरीत मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. न्यायाला इतकी सरळ उभी राहिलेली दोनच पाहिली, आणि ती दोन्ही त्या खटल्यात फाशीच्या बाजूची होती. हेच मला त्या कॉलेजातल्या मुलीला सांगायचं होतं. मला विचारशील तर बाळ, फाशी नसावी, असं माझं आता पक्कं मत आहे. एका माणसात काय काय असतं ते मी त्या पडवीत ऐकलं, आणि ते सगळंच्या सगळं दोराला बांधायचा अधिकार मला कुणालाच द्यावासा वाटत नाही. पण ज्या बाईमुळे माझं हे मत झालं, तिला ते मान्य नाही. तिने माफही केलेलं नाही. तुमच्या वादात जी दोन प्रकारची घरची माणसं येतात, सूड मागणारी आणि क्षमा करणारी, त्यांतली ती कुठलीच नव्हे.

निवृत्त झाल्यावर गेल्या उन्हाळ्यात मी त्या गावाला गेले. काम काही नव्हतं. आता कुणाकडेही चहा घ्यायला मोकळी होते, म्हणून गेले. सुलूकाकी थकल्यात. मला ओळखून त्यांनी चूल पेटवली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, यंदा मोहोर करपला, काजूला भाव नाही, गुडघे धरलेत. मग त्यांनी आपण होऊनच विषय काढला.

"मला अजून वाटतं बाई, फाशीच व्हायला पायजे व्हती."

त्यांनी चहा गाळला. एक कप माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःसाठी बाजूला ठेवला. तिसऱ्यात जास्तीचं दूध घातलं आणि तो घेऊन, गुडघ्यावर हात टेकत, अंगण ओलांडून गडग्यापाशी गेल्या. पलीकडे काही त्या गेल्या नाहीत. कप गडग्याच्या दगडावर ठेवला आणि हाक मारली, "गो शेवंते, च्या घे. निवतोय."